दिवसाढवळ्या दिवा: आकुर्डी-चाकण पट्ट्यातल्या हेडलाइटची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना झालेलं अडखळणं गाळलंय, बाकी बोलणं तसंच आहे. आणि चाकणच्या रस्त्यावर बाईक चालवत, कानात इअरफोन घालून ऐकणारे जे कोणी आहेत, त्यांनी कृपा करून घरी पोचून ऐका. विषयच असा आहे की तुम्हाला काही झालं तर मला फार लागेल.

तर, आधी एक खूण आठवून बघा. तुम्ही बाईकवरून चाललाय, दुपारचे बारा वाजलेत आणि समोरून येणारा अनोळखी माणूस हात वर करून बोटं उघडमीट करतो. उघड, मीट, उघड, मीट. २०१७ च्या आधी ज्यांनी गाडी चालवली त्यांना अर्थ लगेच कळेल: ‘अरे, तुझी लाइट चालू राहिलीय!’ मग आपण जीभ चावायची, अंगठ्याने खटका बंद करायचा आणि मान हलवून आभार मानायचे. महाराष्ट्रात कुठेही जा, भाषा न बोलता चालणारा हा सगळ्यात प्रेमळ संवाद होता. आज अठरा-वीस वर्षांच्या मुलाला ही खूण केली तर तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. आणि गावाकडच्या एखाद्या काकांनी अजून केलीच, तर उत्तर एकच असतं: ‘काका, ती बंदच होत नाही!’

ती बंद का होत नाही, तो खटका कुणी काढला आणि कारच्या तोंडावर त्या पांढऱ्या भुवया, म्हणजे डीआरएल, कुठून आल्या, हा आजचा विषय. डीआरएल म्हणजे डेटाइम रनिंग लाइट. हा इतिहास सांगायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणसारखी दुसरी जागा नाही. इथे हे दिवे लागलेल्या गाड्या बनतात, त्यांचे नियम ज्या मानकांत लिहिले जातात त्यांचं सचिवालय इथून तासाभरावर आहे, आणि त्या दिव्यांसमोरून रोज शिफ्टला जाणारी माणसंही इथलीच.

सुरुवात सायकलपासून करू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या शेतांत एकामागून एक शेड उठल्या. टेल्को आली, बजाज आली. ४ मार्च १९७० ला इथे नवनगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. त्या पहिल्या पिढीतला कामगार एक तर कंपनीच्या बसने यायचा, नाही तर सायकलने. पुणे तेव्हा सायकलींचं शहर होतं, आणि सायकलस्वाराला पोलिसांची भीती दोन गोष्टींसाठी असायची: डबलसीट आणि बिनलाइट. रात्री सायकलला दिवा नसला की पावती. म्हणून कुणी रॉकेलचा दिवा टांगायचा, कुणी चाकाला घासणारा डायनॅमो लावायचा. डायनॅमो लावला की सायकल जड व्हायची, पाय भरून यायचे. उजेड हवा तर त्याची किंमत मांड्यांनी मोजायची. नाइट शिफ्टवरून घरी जाणारा माणूस पोलीस दिसला की डायनॅमो लावणार आणि चौक ओलांडला की काढणार, यात नवल काय?

मग आली चेतक. १९७२ मध्ये बजाजने ही स्कूटर आणली आणि पुढची तीन-साडेतीन दशकं आकुर्डीचं नाव देशभर पोचवलं. तिचा हेडलाइट ज्यांनी पाहिलाय ते हसतील. इंजिन जेवढं जोरात फिरेल तेवढा दिवा उजळ. सिग्नलला थांबलात की दिवा पिवळा, मग लालसर, मग जेमतेम. अंधाऱ्या रस्त्यावर खड्डा दिसावा म्हणून क्लच दाबून एक्सिलेटर पिळायचा, हे त्या काळातलं सर्वमान्य तंत्र होतं. असा दिवा कुणी दिवसा लावेल? बल्ब उडेल, पैसे जातील.

आपल्याकडे दिवसा दिवा जाळण्याबद्दल एक खोल नावडही आहे. दिवाळखोर हा शब्द कसा आला याची जुनी गोष्ट सांगतात ती अशी: पश्चिम भारतातल्या पेढीवाल्याला देणी भागवणं अशक्य झालं की तो भरदिवसा पेढीत दिवा लावून ठेवायचा. लोकांनी समजून घ्यायचं की या घराचं दिवाळं वाजलं. म्हणजे दिवसाचा दिवा हे बुडाल्याचं चिन्ह. आता अशा समाजाला सांगा की बाबांनो, उन्हात हेडलाइट लावा!

शिवाय सरकारनेही आपल्याला वर्षानुवर्षं उलटंच शिकवलं होतं. हेडलाइटच्या काचेवर वरच्या बाजूला काळा रंग किंवा मधोमध काळा ठिपका, आठवतंय? समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये म्हणून ट्रक, एसटी, जीप, सगळ्यांना तो असायचा. वाहतूक पोलीस मोहिमा काढून, डबा-ब्रश घेऊन स्वतः ठिपके मारायचे. दिवा म्हणजे दुसऱ्याला होणारा त्रास, तो झाकावा, अशीच समज तयार झाली होती. त्या समजुतीला धक्का बसायला २०१७ उजाडावं लागलं.

जगात मात्र याची सुरुवात खूप आधी झाली होती, आणि तीही थंड, अंधाऱ्या देशांत. १९७२ मध्ये फिनलंडने हिवाळ्यात शहराबाहेरच्या रस्त्यांवर दिवसा दिवे सक्तीचे केले. १९७७ मध्ये स्वीडनने ते बारा महिने सगळीकडे लागू केले. मग नॉर्वे, आइसलँड, डेन्मार्क. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांवर डीआरएल बंधनकारक केले. नकाशा उघडून बघा, सगळे देश वरच्या टोकाला. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला आहे. तिथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला चिकटून जातो, दुपारीही आपल्याकडच्या संध्याकाळसारखा उजेड. पुणे आहे साडेअठरा अंशांवर. त्यामुळे ‘हे तिकडचं फॅड, आपल्याला काय गरज?’ हा प्रश्न अगदीच खुळा नव्हता.

त्याचं उत्तर आपल्यासारख्याच एका देशातून आलं: मलेशिया. विषुववृत्ताजवळ, रणरणतं ऊन आणि रस्त्यावर छोट्या बाईकचा सुळसुळाट. १९९२ मध्ये त्यांनी आधी मोहीम काढली आणि मग मोटरसायकलवाल्यांना दिवसा हेडलाइट सक्तीची केली. रादिन उमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. ‘समोरच्याला बाईक दिसलीच नाही’ या प्रकारात मोडणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटले होते. सगळे अपघात नव्हे हं, फक्त न दिसण्यामुळे होणारे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याआधी १९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाचा अहवाल आला होता. लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी त्याची माणसं प्रत्यक्ष गेली होती. कारवाल्यांचं म्हणणं जवळजवळ ठरलेलं: मला बाईक दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. हे खोटं बोलणं नसतं. उजवीकडे वळणारा ड्रायव्हर समोर बघतो तेव्हा त्याचा मेंदू मोठ्या आकाराची वस्तू शोधत असतो. ट्रक, बस, कार. समोरून सरळ येणारी बाईक म्हणजे हातभर रुंदीची उभी रेघ, मागे झाडं, होर्डिंग, टपऱ्या. ती जवळ येईपर्यंत फारशी मोठीही दिसत नाही आणि मग एकदम अंगावर येते. दिवा चालू असला तर ती रेघ मागच्या गर्दीतून सुटी होते. एवढंच काम, पण एका सेकंदाच्या वळणात एवढंच पुरतं.

आता भारतात या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ते सुरक्षेसाठी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मोटरसायकलचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागावा, हा मुद्दा त्या समितीने लावून धरला. युरोपातल्या बाईक कंपन्या २००३ पासून हे करतच होत्या. केंद्राने नियम काढला आणि तारीख ठरली १ एप्रिल २०१७. त्या दिवसापासून बनणाऱ्या प्रत्येक दुचाकीत एएचओ, म्हणजे ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन. इंजिन चालू, दिवा चालू. खटका बाद.

दिव्यांच्या या नियमांचं तांत्रिक रूप ज्या एआयएस मानकांमध्ये असतं, त्यांचं काम बघणारं सचिवालय म्हणजे आपल्या पुण्यातली एआरएआय. १९६६ पासूनची संस्था, कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडीवर, आणि एक केंद्र चाकणलाही. दिवा किती उंचीवर, किती कोनात, किती तेजाचा, हे सगळं तिथल्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये मोजलं जातं. भोसरीत सीआयआरटी आहे, तिथेही गाड्यांच्या तपासण्या होतात. आपण रस्त्यावर वैतागून ‘कुणी काढला हा नियम!’ म्हणतो, त्याचा निदान एक धागा आपल्याच एमएच-१२ आणि एमएच-१४ मध्ये अडकलेला असतो.

१ एप्रिल २०१७ या तारखेची गंमत वेगळीच आहे. त्याच दिवशी बीएस-४ प्रदूषण नियम लागू होणार होते, आणि जुन्या बीएस-३ गाड्या विकता येणार की नाही यावर कोर्टात भांडण चालू होतं. बजाजने जुना माल विकू देण्याला विरोध केला, बाकी बऱ्याच कंपन्यांना मुभा हवी होती. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १ तारखेनंतर बीएस-३ विक्री बंद. देशभरात आठ लाखांच्या आसपास गाड्या शोरूम आणि गोदामांत पडून, त्यातल्या बहुतेक दुचाकी. मग ३० आणि ३१ मार्चला जी झुंबड उडाली ती तुम्हाला नाही तर तुमच्या मोठ्या भावाला नक्की आठवत असेल. हजारो रुपयांची सूट, शोरूमबाहेर रांगा, कार्डवर कार्ड घासली जातायत. त्या दोन दिवसांत घरी गेलेल्या कितीतरी गाड्या म्हणजे हेडलाइटचा खटका असलेली शेवटची पिढी. आजही चाकणच्या एखाद्या कंपनीच्या पार्किंगमध्ये अशी गाडी दिसली की मी हँडलची उजवी बाजू बघून घेतो.

चाकणच्या कारखान्यात मात्र बदल आधीच पोचला होता. बजाजचा तिथला प्लँट २००१ चा, पल्सरही त्याच वर्षीची. २०११ पासून तिथल्या लाइनवर युरोपला जाणाऱ्या केटीएम ड्यूक बनत होत्या. डिसेंबर २०१६ मध्ये डोमिनार आली, पूर्ण एलईडी हेडलाइट आणि एएचओ घेऊन, नियमाच्या तारखेआधीच. ही गाडी चाकणमध्ये महिला कामगारांच्या लाइनवर बनत होती.

नियम आला आणि तक्रारींचा पाऊस पडला. बॅटरी उतरेल. बल्ब उडेल. मायलेज पडेल. दिवाळं वाजेल, थोडक्यात. यातल्या मायलेजचा हिशेब करून बघू, कारण या मुद्द्यावर चहाच्या टपरीवर सगळ्यात जास्त बोललं जातं.

साध्या बाईकचा हॅलोजन बल्ब ३५ वॅटचा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, वीजबिलावर असतात तीच युनिटं. छोटं इंजिन त्यातली फार तर पाव भाग कामी लावतं, आणि वीज बनवताना उरलेल्यातली अर्धी जाते असं धरू. म्हणजे लिटरमागे एक युनिटच्या थोडी वर वीज हाती लागते. ३५ वॅटचा दिवा तासभर जाळायला मग तीसेक मिलिलिटर पेट्रोल. पेट्रोल शंभर रुपये धरलं तर तासाला तीन रुपये. हे झालं वाईटात वाईट. कितीतरी बाईकमध्ये मॅग्नेटो तसाही पूर्ण वीज बनवतो आणि जास्तीची वीज रेग्युलेटर उष्णता करून फुकट घालवतो. तिथे दिवा लावला काय, न लावला काय, फरक नगण्य. एलईडी आला की मूळ खर्चच एकदम खाली येतो. कामाच्या दिवशी तासभर गाडी चालवणाऱ्याला महिन्याला साधारण पाऊणशे रुपये. मी म्हणेन, द्यावेत. पण खेडहून किंवा वाफगावहून रोज येणाऱ्या, ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या मुलासाठी पाऊणशे रुपये ही हसण्यावारी नेण्याची रक्कम नाही. आणि हा खर्च त्याला विचारून घातलेला नव्हता.

दिव्याने जीव वाचले का? देशात २०१६ मध्ये रस्त्यांवर १,५०,७८५ माणसं गेली. २०२२ मध्ये १,६८,४९१. मरणाऱ्यांत दुचाकीवाल्यांचा वाटा २०१६ ला साधारण एकतृतीयांश होता, तो २०२२ ला ४४ टक्क्यांवर गेला. हे आकडे तोंडावर फेकून ‘बघा, उपयोग शून्य!’ म्हणणारे बरेच भेटतात. पण त्या सहा वर्षांत रस्त्यावर दुचाकी किती वाढल्या, वेग किती वाढले, हेल्मेट किती जणांनी आरशाला लटकवलं? मलेशियाचा तो २९ टक्क्यांचा आकडाही फक्त ‘न दिसण्या’पुरता होता. मागून कंटेनरने उडवलं, खड्ड्यात घसरला, दारू पिऊन दुभाजकावर चढला, यात पुढचा दिवा काय करणार?

आता कारकडे वळू, कारण इथे माझं मत थोडं बदलतं.

कारवरचे डीआरएल हे हेडलाइट नसतात. समोरच्याला आपण दिसावं एवढ्यासाठीच ते असतात, आपल्याला रस्ता दिसावा यासाठी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ८७ क्रमांकाच्या नियमात त्यांचं तेज ४०० ते १२०० कँडेला ठरवलंय, आणि हेडलाइट लावला की ते विझले किंवा मंद झाले पाहिजेत. युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०११ पासून कारच्या नव्या मॉडेलना ते सक्तीचे केले, ट्रक-बसना ऑगस्ट २०१२ पासून. भारतात कारला डीआरएलची सक्ती नाही. तरी इतक्या नव्या गाड्यांना ते का असतात? कारण ते सुंदर दिसतात. ऑडीने २००४ च्या सुमारास ए-८ च्या एका मॉडेलवर एलईडीची रांग लावली आणि सगळ्या डिझायनरांना कळलं, की लोगो न वाचता लांबून गाडी ओळखू यावी असा हा दागिना आहे.

हा दागिना आपल्या पट्ट्यात कसा उतरला ते बघणं मजेचं आहे. मर्सिडीजने १९९५ मध्ये पहिली गाडी बाहेर काढली ती पिंपरीत, टेल्कोच्या आवारातून. २००९ मध्ये ते चाकणला गेले, त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकण प्लँट सुरू झाला, मागोमाग महिंद्रा. पिंपरीत १९९८ ला इंडिका बनली तेव्हा तिच्या तोंडावर दोन साधे दिवे होते. त्याच पिंपरीतून २०१९ ला हॅरियर निघाली तर तिचे डोळे कपाळावर आणि हेडलाइट खाली बंपरमध्ये! जिथे आपण दिवा शोधतो तिथे डीआरएल, खरा दिवा गालावर. चाकणच्या एक्सयूव्ही ७०० ला इंग्रजी सी आकाराच्या मोठ्या रेघा. तळेगाव चौकात उभं राहून नुसत्या रेघांवरून गाड्या ओळखण्याचा खेळ इथली पोरं खेळतात, आणि चुकत नाहीत.

सुरक्षेचं काय मग? नॉर्वेच्या रूने एल्विक यांनी १९९६ मध्ये जगभरातले १७ अभ्यास एकत्र करून पाहिले. डीआरएल असलेल्या कारचे दिवसा दुसऱ्याशी होणारे अपघात १० ते १५ टक्क्यांनी कमी दिसले. मात्र संपूर्ण देशाला सक्ती केली की फायदा ३ ते १२ टक्क्यांवर येतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २००८ मध्ये स्वतःच्या देशातले अपघात तपासले आणि म्हटलं की ठोस फरक दिसत नाही. जनरल मोटर्सने सक्तीची मागणी केली होती, ती २००९ मध्ये फेटाळली गेली. ऑस्ट्रियाने तर २००५ च्या नोव्हेंबरात सक्ती आणली आणि २००८ उजाडताच मागे घेतली.

युरोपात विरोध करणाऱ्यांमध्ये मोटरसायकलवाले पुढे होते, आणि त्यांचं म्हणणं मला आपल्या रस्त्यांसाठी फार महत्त्वाचं वाटतं. दिवसा फक्त बाईकचा दिवा चालू असतो तेव्हा ड्रायव्हरच्या मेंदूत एक सरळ समीकरण तयार होतं: उन्हात एकटा दिवा म्हणजे बाईक. आता प्रत्येक कारला दोन-दोन झगमगते पट्टे आले की ते समीकरण मोडतं. संध्याकाळी मोशी टोलनाक्याच्या जुन्या जागेवरून नाशिककडे बघा. दिव्यांची नदी. त्यात दोन फॉर्च्युनरच्या मधून येणारा एकटा पिवळट हॅलोजन कोण वेचून काढणार? बाईकवाल्याला आपण २०१७ ला जे दिलं, ते कारच्या शोरूमने हप्त्याहप्त्याने परत घेतलं.

इथे दुसऱ्या महायुद्धातली एक अजब हकीकत सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकन नौदलाला पाणबुडी शोधणारी विमानं लपवायची होती. विमान आकाशापुढे काळं दिसतं, म्हणून लांबूनच कळतं. तर त्यांनी काय करावं? विमानाच्या पुढच्या कडांना दिवे लावले! आकाशाच्या उजेडाइतकेच तेज ठेवलं की विमान आकाशात विरघळून जायचं आणि फार जवळ येईपर्यंत दिसायचं नाही. यहुदी लाइट्स हे त्या प्रयोगाचं नाव. सांगायचा मुद्दा, दिव्याने वस्तू दिसते असं नाही, मागच्या उजेडाशी असलेल्या फरकाने दिसते. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता जवळजवळ पूर्व-पश्चिम जातो. सकाळी फर्स्ट शिफ्टला चाकणकडे जाताना सूर्य समोर, संध्याकाळी तळेगावकडे परतताना पुन्हा समोर. त्या झळझळीत उजेडात समोरच्याचा दिवा विरघळू शकतो. तिथे दिव्यावर भरवसा ठेवून ओव्हरटेक करू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

आणि आता डीआरएलचा तो दोष, ज्याबद्दल शोरूममध्ये कुणी बोलत नाही. डीआरएल पुढे लागतात, मागे काहीच लागत नाही. हल्लीच्या गाड्यांचा डॅशबोर्ड दिवसरात्र उजळलेला, समोर रस्त्यावर थोडा पांढरा उजेड, त्यामुळे ड्रायव्हरला वाटतं दिवे चालू आहेत. मागून बघणाऱ्याला मात्र राखाडी गाडी राखाडी संध्याकाळीत मिसळलेली. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, नेमकी जनरल शिफ्ट सुटण्याची वेळ. पावसाळ्यात तर दुपारी चारलाच तशी अवस्था. खंडाळ्याच्या घाटात धुक्यात अशी बिनशेपटीची कार अचानक पुढ्यात येते तेव्हा काय होतं, ते घाट उतरणाऱ्या कुठल्याही टेम्पोवाल्याला विचारा. कॅनडातही ही अडचण इतकी वाढली की सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांसाठी त्यांना नियम बदलावा लागला: एक तर डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागावेत, नाही तर अंधारात सगळे दिवे आपोआप लागावेत, नाही तर डॅशबोर्ड काळाच राहावा, म्हणजे ड्रायव्हरला कळेल. तिसरा पर्याय मला सगळ्यात आवडला. फुकटातला आणि हुशार.

तेव्हा कोणी मला विचारलं, की भारतात कारला डीआरएल सक्तीचे करावेत का, तर माझं उत्तर: मागचे दिवे सोबत लागणार असतील तर बोलू, नुसत्या पुढच्या रेघांसाठी नको. बाईकच्या दिव्याच्या बाजूने मात्र मी ठाम आहे, पाऊणशे रुपयांसकट. त्यात आरटीओने बाजारातून बसवलेल्या त्या आंधळं करणाऱ्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या उतरवल्या, तर नवा कायदा न करताही बराच फरक पडेल.

या सगळ्या हिशेबात ज्याचं नाव कुठेच येत नाही असा एक माणूस उरतो. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी. कुठल्याही गेटसमोर शिफ्ट सुटताना उभे राहा. बाईकच्या दिव्यांमधून, कारच्या रेघांमधून, कंटेनरच्या चाकांशेजारून पायी चाललेली शेकडो माणसं. बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भातून आलेली, खोलीवर जायला निघालेली, बऱ्याच जणांच्या अंगावर गडद निळा नाही तर राखाडी युनिफॉर्म. काही जुन्या सायकलींवर, ज्यांना आता डायनॅमोही नाही आणि पावती फाडणारा पोलीसही नाही. डोळ्यांवर तेज आलं की मधली काळी जागा आणखी काळी होते, आणि ती माणसं त्या जागेत असतात. कंपन्यांनी निदान युनिफॉर्मच्या पाठीवर आणि बाह्यांवर चमकणारी पट्टी शिवून घ्यावी. आतल्या शेडमध्ये सेफ्टीसाठी जॅकेट देतातच की, ते गेटवर काढून ठेवायला लावतात. तेच अंगावर घरी जाऊ द्या.

पुढच्या भागात दापोडीच्या जुन्या एसटी वर्कशॉपबद्दल बोलायचा विचार आहे. तुमच्या घरी कुणाकडे त्या काळ्या ठिपक्याच्या हेडलाइटचा फोटो असेल तर जरूर पाठवा. भेटूच!